एका गुणसूत्राची मुंगी

ऑस्ट्रेलियाच्या राजधानीतून, कॅनबेराहून, नैर्ऋत्येला चाळीसेक किलोमीटर गेलं की टिडबिनबिलाचं खोरं लागतं. निलगिरीच्या झाडांनी भरलेले डोंगर आणि कांगारूंची कुरणं असा हा मुलूख. याच खोऱ्यात अवकाशयानांशी बोलणाऱ्या प्रचंड तबकड्या उभ्या आहेत. जानेवारी १९८६ मध्ये व्हॉयेजर-२ हे यान युरेनसच्या जवळून गेलं, तेव्हा त्याने धाडलेले क्षीण संदेश इथे टिपले गेले. सगळ्या जगाचं लक्ष त्या संदेशांतून उमटलेल्या चित्रांकडे होतं.

त्याआधी वर्षभर, १९८५ साली, याच परिसरातल्या राखीव रानातून मुंग्यांची एक वसाहत खणून काढली गेली होती. राणी, कामकरी मुंग्या, अंडी आणि अळ्या असा सगळा संसार प्रयोगशाळेत आला. त्या मुंग्यांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर जे दिसलं, ते १४ मार्च १९८६ च्या ‘सायन्स’ साप्ताहिकात अवघ्या एका पानात छापून आलं. लेखकांची नावं होती मायकल क्रॉसलँड आणि रॉस क्रोझियर. दोघंही तेव्हा सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात होते. त्यांचं निवेदन एवढंच होतं की या मुंगीच्या पेशीत गुणसूत्रांची फक्त एक जोडी आहे.

माणसाच्या पेशीत गुणसूत्रं ४६, हत्तीच्या ५६, कुत्र्याच्या ७८. आपल्या सह्याद्रीत हिंडणाऱ्या भेकराच्या मादीत सहा आणि नरात सात. १९७० मध्ये हे कळलं तेव्हाही शास्त्रज्ञ थक्क झाले होते, कारण सस्तन प्राण्यांमध्ये इतकी कमी संख्या कुणी पाहिली नव्हती. टिडबिनबिलाच्या कामकरी मुंगीत मात्र गुणसूत्रं दोनच होती. नराची गोष्ट आणखी पुढची. मुंग्यांमध्ये फलित अंड्यातून मादी जन्मते आणि अफलित अंड्यातून नर. म्हणजे नराला फक्त आईचा वाटा मिळतो, मादीच्या निम्मा. दोनाचं निम्मं एक. या नराच्या पेशीत त्याची सारी आनुवंशिक ठेव एकाच गुणसूत्रात सामावलेली होती. एकाच्या खाली संख्या जाऊच शकत नाही. निसर्गाच्या या मोजणीचा तळ तिथे सापडला होता.

तो सापडण्यामागे जवळजवळ शंभर वर्षांची मोजणी होती, आणि त्यातली शेवटची वीस-पंचवीस वर्षं विशेष महत्त्वाची आहेत.

‘क्रोमोसोम’ हा शब्द १८८८ मध्ये जर्मनीच्या वाल्डेयर यांनी रुजवला. त्या काळात जीवशास्त्रज्ञांचा आवडता प्राणी होता घोड्याच्या आतड्यातला जंत, कारण त्याच्या पेशी मोठ्या आणि गुणसूत्रं मोजकी. या जंताच्या एका प्रकारात गुणसूत्रांची एकच जोडी असल्याचं थिओडोर बोव्हेरी यांच्या काळातच माहीत झालं होतं. पण तिथे एक मेख होती. ती जोडी फक्त पुढच्या पिढीसाठी राखलेल्या बीजपेशींमध्ये अखंड राहते. शरीराच्या बाकी पेशी घडताना तिचे तुकडे होऊन अनेक लहान गुणसूत्रं बनतात. जन्मभर, अंगभर एकाच जोडीवर जगणारा प्राणी त्या जंताच्या रूपाने सापडला नव्हता.

मोजणं हे काम ऐकायला सोपं वाटतं. माणसाच्या बाबतीत त्याची काय गत झाली ते पाहावं. १९२० च्या दशकापासून माणसाची गुणसूत्रं ४८ आहेत असं पाठ्यपुस्तकं सांगत होती. ती ४६ आहेत हे १९५६ मध्ये स्वीडनमध्ये त्यो आणि लेव्हान यांनी दाखवलं. मधली तीसेक वर्षं चांगले चांगले जाणकार पेशीत बघून ४८ मोजत राहिले, कारण पेशीत गुणसूत्रं एकमेकांवर चढून, गुंतून पडलेली असत. क्षार कमी असलेल्या पाण्यात पेशी ठेवली की ती फुगते आणि गुणसूत्रं सुटी होतात, ही युक्ती हाती आली तेव्हा गुंता सुटला.

मुंगीच्या बाबतीत अडचण आणखी वेगळी होती. तिचं शरीर झालं की त्यातल्या बहुतेक पेशींचं विभाजन थांबतं, आणि गुणसूत्रं मोजायची तर विभाजनाच्या ऐन क्षणी सापडलेली पेशी हवी. म्हणून वारुळातून कोषात जायच्या बेतात असलेल्या अळ्या निवडाव्या लागतात. अळीचं डोकं उघडून टाचणीच्या टोकाएवढा मेंदू काढायचा, तो कॉल्चिसिनच्या द्रावणात ठेवून विभाजन अर्ध्यावर रोखायचं, पेशी फुगवायच्या, आम्ल आणि अल्कोहोलने त्या स्थिर करायच्या, काचपट्टीवर पसरून वाळवायच्या आणि मग रंगवायच्या. यातली एक पायरी चुकली तरी पट्टीवर नुसता डाग उरतो.

१९६० च्या दशकाच्या आरंभी स्वित्झर्लंडमध्ये एलिझाबेथ हाउश्टेक यांनी युरोपातल्या मुंग्यांची गुणसूत्रं नेटाने मोजली. त्याच सुमारास जपानमध्ये मिशिमा इथल्या राष्ट्रीय आनुवंशिकी संस्थेत हिरोतामी इमाई यांनी हे काम हाती घेतलं आणि आयुष्यभर ते सोडलं नाही. काचपट्टी बनवण्याची रीत त्यांनी मुंगीसाठी पुन्हा पुन्हा सुधारली. आजही मुंगीची गुणसूत्रं पाहताना बहुधा इमाईंच्या रीतीचा आधार घेतला जातो.

इमाई जपानपुरते थांबले नाहीत. उष्ण प्रदेशात मुंग्यांचे प्रकार फार, म्हणून ते ऑस्ट्रेलियात, मलेशियात आणि भारतातही पोचले. ऑस्ट्रेलियातल्या मुंग्यांवरचा इमाई, क्रोझियर आणि टेलर यांचा मोठा निबंध १९७७ मध्ये आला. भारतातल्या मुंग्यांच्या गुणसूत्रांची पाहणी १९८४ मध्ये जपानी आनुवंशिकी नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिच्या लेखकांमध्ये स्वित्झर्लंडचे बारोनी उर्बानी होते, कोलकात्याचे शर्मा दांपत्य होतं, आणि जी. बी. देवडीकर व व्ही. जी. वैद्य ही पुण्याची दोन नावं होती. हे दोघे महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सचे, म्हणजे आपल्या विज्ञानवर्धिनीचे. शं. पु. आघारकरांनी १९४६ मध्ये उभी केलेली ही संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. देवडीकरांना हा विषय नवा नव्हता. भारतीय मधमाशीच्या गुणसूत्रांवरचं त्यांचं आणि सहकाऱ्यांचं काम १९५९ मध्येच छापलं गेलं होतं. मुंग्यांच्या या जागतिक मोजणीत मराठी प्रयोगशाळेचा हात होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही. ती ठाऊक असायला हवी.

आकडे जमत गेले तसा एक प्रश्न मोठा होत गेला. मुंग्यांमध्ये गुणसूत्रांच्या संख्येचा पसारा विलक्षण होता. एकाच प्रजातिसमूहात, दिसायला जवळजवळ सारख्या मुंग्यांमध्ये ती कुठे आठ-दहा, कुठे तीसच्या पुढे. मग काळाच्या ओघात ही संख्या कुठल्या दिशेने सरकली? जास्तीकडून कमीकडे, की कमीकडून जास्तीकडे?

जुना आणि बळकट समज पहिल्या बाजूचा होता. १९१६ मध्ये रॉबर्टसन यांनी नाकतोड्यांमध्ये दाखवलं होतं की दोन एकभुजी गुणसूत्रं टोकाशी जुळून एक दुभुजी गुणसूत्र बनू शकतं. त्यामुळे गुणसूत्रं जुळत जातात आणि संख्या घटत जाते, असं पुष्कळांनी धरलं होतं. इमाई आणि क्रोझियर यांचं म्हणणं उलटं होतं. मुंग्यांची आणि पुढे सस्तन प्राण्यांची आकडेवारी मांडून, संख्या प्रामुख्याने वाढत जाते, मोठी गुणसूत्रं मधून तुटून लहान होतात, असं ते सांगत होते.

असं का व्हावं, याचं उत्तर त्यांनी १९८६ मध्ये ‘अमेरिकन नॅचरलिस्ट’मध्ये दिलं. पेशीचं केंद्रक ही एक लहानशी खोली आहे. तिच्यात मोजकी पण लांबलचक गुणसूत्रं असली तर ती एकमेकांना वरचेवर भिडणार. भिडलेल्या ठिकाणी दोन्ही तुटली आणि चुकीच्या टोकाला जुळली, तर आनुवंशिक मजकुराची अदलाबदल होते, आणि अशी अदलाबदल बहुधा घातक ठरते, संतती नापीक होते. तीच गुणसूत्रं तुटून लहान झाली तर एकमेकांत अडकण्याची शक्यता घटते. म्हणून निवडीचा कौल तुकड्यांच्या बाजूने पडतो. या विचाराला त्यांनी ‘किमान आंतरक्रिये’चं गृहीतक म्हटलं. लेखकांमध्ये इमाई होते, आणि क्रोझियरही होते.

म्हणजे एकाच वर्षी क्रोझियर यांचं नाव दोन निबंधांवर होतं. एक निबंध सांगत होता की संख्या वाढत जाते. दुसरा जगातली सर्वांत कमी संख्या असलेली मुंगी पुढे ठेवत होता. वाचणाऱ्याच्या मनात साहजिकच प्रश्न येणार की ही मुंगी म्हणजे सगळ्याची सुरुवात तर नव्हे? गुणसूत्रं तुटून वाढायच्या आधीची, आदिम अवस्थेत राहिलेली मुंगी?

टिडबिनबिलाची ही मुंगी त्या वेळी ‘मिर्मेशिया पिलोसुला’ या नावाने ओळखली जात होती. हे नाव लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले फ्रेडरिक स्मिथ यांनी १८५८ मध्ये दिलेलं. ऑस्ट्रेलियात तिला ‘जॅक जंपर’ म्हणतात. सेंटिमीटरभर लांब, काळी, पाय पिवळट-नारिंगी, डोळे मोठे, जबडे दातेरी. चालता चालता ती टुणकन उडी मारते, आणि तिच्या डंखाने कुणाकुणाला इतकी तीव्र ॲलर्जी होते की जीवावर बेतू शकतं. टास्मानियात या डंखाचा त्रास इतका, की तिथल्या डॉक्टरांनी तिच्याच विषापासून प्रतिबंधक उपचार तयार केले. म्हणजे ही काही दुर्मिळ, रानाच्या पोटात दडलेली मुंगी नव्हती. लोक तिला रोज पाहत होते, चुकवत होते, तिचा डंख सोसत होते. तिच्या पेशीत मात्र फारसं कुणी डोकावलं नव्हतं.

डोकावल्यावर एकच प्रजाती समजलेल्या मुंग्यांचं पितळ उघडं पडलं. एका ठिकाणच्या मुंग्यांत गुणसूत्रं दोन, तर दुसऱ्या ठिकाणच्या, बाहेरून अगदी तशाच दिसणाऱ्या मुंग्यांत आठ, दहा, वीस, तीस. इतका फरक असलेल्या मुंग्या एकमेकींशी जुळून निरोगी वंश चालवतील हे कठीण. १९८८ मध्ये क्रॉसलँड, क्रोझियर आणि इमाई यांनी मांडलं की पिलोसुला हे एक नाव नसून अनेक जवळच्या प्रजातींचा तो एक गट आहे. १९९१ मध्ये कॅनबेराचे कीटकशास्त्रज्ञ रॉबर्ट टेलर यांनी एका गुणसूत्राच्या मुंगीला स्वतंत्र नाव दिलं: ‘मिर्मेशिया क्रॉसलँडी’. २०१५ मध्ये त्यांनी याच गटातल्या आणखी प्रजातींना नावं दिली, आणि त्यांतली आठ गुणसूत्रांची एक झाली ‘मिर्मेशिया इमाई’. सूक्ष्मदर्शकावर वर्षानुवर्षं डोळे लावून बसलेल्या माणसांची नावं त्या मुंग्यांनाच मिळाली. यापेक्षा योग्य सन्मान कोणता असू शकतो?

रॉबर्ट टेलर हे याच गोष्टीतल्या दुसऱ्या एका प्रसंगाचे नायक आहेत. १९३१ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातून आलेल्या कीटकांत एका विचित्र, प्राचीन वळणाच्या मुंगीचे दोन नमुने निघाले. १९३४ मध्ये जॉन क्लार्क यांनी तिला ‘नोथोमिर्मेशिया’ म्हटलं. त्यानंतर चार दशकं शोध झाले, पण ती पुन्हा दिसली नाही. १९७७ मध्ये टेलर यांचा चमू कॅनबेराहून पश्चिमेला तिच्याच शोधात निघाला होता. वाटेत दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पूचेरा या लहानशा गावाजवळ मुक्काम पडला. रात्र थंड होती, मुंग्या बाहेर पडाव्यात असं हवामान नव्हतंच. तरी टेलर विजेरी घेऊन झाडांकडे गेले, आणि तिथे ती मुंगी चालत होती! थंडीतच बाहेर पडते, म्हणून इतकी वर्षं ती कुणाच्या हाती लागली नव्हती. १९९० मध्ये तिची गुणसूत्रं मोजून झाली, तेव्हा तिच्यात ती ९४ भरली. म्हणजे बांध्याने जुन्या वळणाची मुंगी, आणि गुणसूत्रं मुंग्यांमधल्या सर्वांत जास्त संख्यांपैकी. जुनं म्हणजे थोडं आणि नवं म्हणजे फार, असा सरळ हिशेब तिथे बसत नव्हता.

आणि क्रॉसलँडीच्या त्या एका गुणसूत्राचं काय? उत्तर १९८९ मध्ये इमाई आणि टेलर यांनी दिलं. टिडबिनबिला आणि आसपासच्या वसाहती त्यांनी तपासल्या. काहींत कामकरी मुंग्यांची गुणसूत्रं दोन होती, काहींत चार, तर काहींत चक्क तीन. तीन कशी? एका पालकाकडून एक लांब गुणसूत्र आलं आणि दुसऱ्याकडून दोन आखूड. ती दोन आखूड मिळूनच ते एक लांब झालं होतं. त्यांची टोकं, म्हणजे टेलोमिअर, एकमेकांना जुळली होती.

नुसती टोकं जुळून भागत नाही. प्रत्येक गुणसूत्राला एक बिंदू असतो, सेंट्रोमिअर. विभाजनाच्या वेळी पेशी त्याला धरून गुणसूत्र एका बाजूला ओढते. दोन गुणसूत्रं जुळली तर असे दोन बिंदू होतात, दोन्ही बाजूंनी ओढाताण होते आणि गुणसूत्र फाटतं. या मुंगीत त्या दोनांपैकी एक बिंदू निष्क्रिय झालेला दिसला. म्हणून जोडणी टिकली आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आली.

म्हणजे ही मुंगी सुरुवातीची नव्हती. तिचं एकुलतं एक गुणसूत्र हे आरंभीचं शिल्लक धन नसून, नंतर केलेल्या जोडणीचं फळ होतं. तळाला दिसणारी गोष्ट मुळाची असतेच असं नाही, हा धडा तिने दिला. आणि तो धडा इमाईंनीच लिहून ठेवला, ही त्यांची थोरवी. संख्या वाढते असा ज्यांचा सिद्धान्त, त्यांनीच संख्या घटल्याचा पुरावा स्वतःच्या हाताने पुढे ठेवला. या सगळ्या इतिहासात मला हा क्षण सर्वांत मोलाचा वाटतो.

एका जोडीवर चालणाऱ्या संसाराने आणखी एक विचार डळमळीत केला. १९७९ मध्ये पॉल शेरमन यांनी सुचवलं होतं की समाज करून राहणाऱ्या कीटकांना गुणसूत्रं जास्त असणं फायद्याचं असावं. गुणसूत्रं जास्त, तर आईकडून येणारा वाटा बहिणीबहिणींत अधिक समान मिसळतो. मग कुणी कुणाला झुकतं माप देण्याचं कारण उरत नाही. तर्क सुंदर आहे आणि त्याला आधारही मिळाले. पण क्रॉसलँडीची वसाहत राणी, कामकरी, पिलांची जोपासना अशा रीतसर व्यवस्थेने, एकाच जोडीवर चालते. समाज उभा राहायला गुणसूत्रांची संख्या ही अट नाही, हे तिच्याकडे पाहून म्हणावंच लागतं.

दुसरं टोक ब्राझीलमध्ये सापडलं. तिथल्या अटलांटिक किनाऱ्याच्या जंगलात राहणाऱ्या ‘डायनोपोनेरा लुसिडा’ या मोठ्या, आता संकटात असलेल्या मुंगीत १०६ ते १२० गुणसूत्रं मोजली गेली. मुंग्या, मधमाश्या आणि गांधिलमाश्या यांच्या साऱ्या कुळात एवढी संख्या दुसरी माहीत नाही. उलट पानं कापून बुरशी पिकवणाऱ्या ‘आट्टा’ मुंग्यांच्या आजवर तपासलेल्या प्रजातींत ती २२ वरून हललेली नाही. कुठे तोडफोड, कुठे जोडणी, कुठे लाखो वर्षांचं स्थैर्य. २०१० मध्ये लोरीते आणि पालोमेके यांनी साडेसातशेहून अधिक प्रजातींचे आकडे एकत्र केले तेव्हा हेच चित्र पुढे आलं. दिशा एक नाही; प्रत्येक घराण्याची वाट वेगळी आहे.

पुढच्या पिढीने मोजणीच्या पलीकडे, गुणसूत्राच्या आत पाहायला सुरुवात केली. २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या कामातून कळलं की आगमुंगीच्या एका गुणसूत्रावर एक मोठा पट्टा उलटा झाला आहे. त्या एका उलट्या पट्ट्यावर ठरतं की वसाहतीत राणी एकच राहणार की अनेक नांदणार. गुणसूत्रातली उलथापालथ समाजाची घडी बदलू शकते, हे यावरून दिसलं. हे दिसण्यासाठी जनुकांचा क्रम वाचणारी यंत्रं लागली खरी, पण गुणसूत्रांचा नकाशा आधी ज्यांनी हाताने काढला, त्यांच्या खांद्यावर ती यंत्रं उभी आहेत. रॉस क्रोझियर २००९ मध्ये गेले. हे उत्तर पाहायला ते नव्हते.

आता आपल्याकडे वळून पाहू. भारतात नोंदलेल्या मुंग्यांच्या प्रजाती आणि उपप्रजाती आठशेहून अधिक आहेत. कोकणातल्या आंब्यावर पानं शिवून घरटं करणाऱ्या ओंबिलापासून स्वयंपाकघरातल्या साखरेच्या डब्याभोवती फिरणाऱ्या लाल मुंगीपर्यंत त्या आपल्या सोबत राहतात. यांतल्या मोजक्याच मुंग्यांच्या पेशीत आजवर कुणी पाहिलं आहे. पाहण्यासाठी लागणाऱ्या वस्तू कॉलेजच्या कुठल्याही बऱ्या प्रयोगशाळेत मिळतात: सूक्ष्मदर्शक, थोडं कॉल्चिसिन, काचपट्ट्या, रंग, आणि फार फार धीर. पिलोसुलाला नाव मिळून १२८ वर्षं झाल्यावर तिच्या पोटातलं नवल बाहेर आलं, आणि तोवर ती लोकांच्या पायाखालीच होती. पुण्यातल्या एका संस्थेने एकदा या मोजणीत हात घातला होता. जीवशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींनी ते काम पुढे न्यावं. वारूळ अंगणातच आहे.